स्वस्त गणवेशाचा हिशेब: ख्रिस्ती शिक्षणसंस्थांच्या विश्वस्तांना खुले पत्र

आदरणीय फादर, सिस्टर, रेव्हरंड आणि विश्वस्तहो,

जय ख्रिस्त.

येत्या शैक्षणिक वर्षाच्या गणवेशांसाठी तुमच्यापैकी एका संस्थेने दरपत्रके मागवली आहेत. गेल्या वर्षी त्याच संस्थेच्या कागदावर दोन अटी होत्या. पुरवठादाराने भविष्य निर्वाह निधीची चलने (रक्कम भरल्याच्या पावत्या) जोडायची आणि शिलाई प्रत्यक्ष कुठे होते तो पत्ता द्यायचा. यंदा दोन्ही अटी गाळल्या. उरली ती एक ओळ: सर्वांत कमी दर स्वीकारला जाईल. इतर बहुतेक संस्थांच्या कागदावर या अटी मुळात कधी नव्हत्याच, म्हणून हे पत्र एकाच्या नावे न लिहिता शाळा, वसतिगृहे आणि रुग्णालये चालवणाऱ्या सगळ्यांना लिहीत आहोत. आणि उघड लिहीत आहोत, कारण गणवेशाचे पैसे शेवटी पालक देतात; त्यांनाही हा हिशेब कळायला हवा.

आम्ही वसई, मुंबई आणि पुणे भागात गणवेश, चादरी, रुग्णालयातले गाऊन शिवणारी लहान युनिटे चालवतो. आठ मशीनचे युनिट आहे, तीस मशीनचेही आहे. कामावर विधवा आहेत, नवऱ्याने टाकलेल्या बाया आहेत, निवारागृहातून बाहेर पडलेल्या मुली आहेत, कर्णबधिर कारागीर आहेत. यात आमचा धंदा आहे, स्वार्थ आहे, तो लपवत नाही. मात्र आम्ही ख्रिस्ती आहोत म्हणून काम द्या, असे आमचे मागणे नाही. आमच्या कामगारांतल्या बहुतेक जणी ख्रिस्ती नाहीत आणि आमच्यापेक्षा नीट धंदा करणारे अनेक दुकानदारही ख्रिस्ती नाहीत. कमी दर कशामुळे कमी झाला, एवढे विचारल्याशिवाय लिफाफा उघडू नका, इतकेच म्हणणे आहे.

आता हिशेब. १,२०० मुलांची शाळा धरा. प्रत्येकाला दोन जोड, जोडात दोन नग: शर्ट आणि पँट किंवा स्कर्ट. झाले ४,८०० नग. अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि साधी पँट यांची सरासरी काढली तर कटिंग झाल्यानंतर एका नगाला ३० मिनिटे शिलाई लागते, म्हणजे एकूण २,४०० तास. पण आठ तासांच्या पाळीत सुई आठ तास चालत नाही. बॉबिन बदलायची, सुई तुटते, पुढचा गठ्ठा यायचा असतो, वीज जाते, उसवलेले परत शिवायचे असते. आमच्या आकाराच्या युनिटमध्ये पाळीतला ६० टक्के वेळ सुई चालली तर दिवस बरा गेला म्हणायचे. म्हणजे चार तास अठ्ठेचाळीस मिनिटे. या हिशेबाने तुमच्या शाळेचे काम ५०० मनुष्यदिवसांचे.

उदाहरणापुरती दिवसाची मजुरी ६०० रुपये धरू; तुमच्या परिमंडळाचा किमान वेतनाचा दर आणि जानेवारी-जुलैला बदलणारा विशेष भत्ता घालून तुम्ही स्वतः आकडा बदलून बघा. एका दिवसात ९.६ नग होतात, म्हणून नगाला मजुरी पडते साडेबासष्ट रुपये. त्यावर मालकाच्या वाट्याचा भविष्य निर्वाह निधी खर्चासह १३ टक्के, कर्मचारी राज्य विमा ३.२५, बोनस किमान ८.३३, उपदान (ग्रॅच्युइटी) ४.८१ आणि वीस दिवसांमागे एक भरपगारी रजा म्हणजे ५ टक्के. बेरीज ३४ टक्क्यांच्या वर जाते. नगाला ८४ रुपये. यात कापड, बटणे, वीज, भाडे, नफा काहीच नाही. हे ८४ रुपये फक्त शिवणारीचे आहेत.

जो दर तुम्ही स्वीकारता त्यात शिलाईला नगामागे ३० रुपये बसतात. त्या दराने ६०० रुपये मिळवायचे तर २० नग शिवावे लागतील. सुई चालू असलेले दहा तास, म्हणजे प्रत्यक्षात सोळा-सतरा. इतके कोणी रोज बसू शकत नाही. मग एक तर ती अडीचशे-तीनशे रुपयांत दिवस काढते, नाही तर घरातले आणखी दोन हात कामाला लागतात. ८४ आणि ३० यांत ५४ रुपयांचा फरक आहे. वर्षाचे चार नग धरले तर एका मुलामागे २१६ रुपये. भांडण एवढ्याचेच आहे.

आणखी दोन हात कोणाचे, तेही बघा. कमी दराचा पुरवठादार युनिटमध्ये फक्त कटिंग ठेवतो. कापलेल्या नगांचे गठ्ठे ठेकेदार वस्तीत वाटतो. सरळ शिलाई एका घरी, काज-बटण दुसऱ्या घरी, धागे काढणे तिसऱ्या घरी. दहापेक्षा कमी माणसे दाखवली की राज्य विमा टळतो, वीसपेक्षा कमी दाखवली की भविष्य निर्वाह निधी टळतो, आणि घरी शिवणारी तर कुठल्याच हजेरीपटावर नसते. बालकामगार कायद्यातल्या २०१६च्या दुरुस्तीने मुलांना शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यात हात लावायची मोकळीक ठेवली आहे. धागे काढायचा गठ्ठा घरात आला की रात्री तो कोण उलगडते, हे तपासायला कोणी येत नाही. तुमच्या शाळेच्या शर्टाचे धागे दुसऱ्या शाळेतले पोर काढत असेल, तर तुमच्या कागदपत्रांत त्याचा माग कुठेही सापडणार नाही. म्हणूनच शिलाईच्या पत्त्याची ती अट मोलाची होती. पत्ता हवा तो गठ्ठे जिथे शिवले जातात तिथला, दुकानाच्या पाटीवरचा नव्हे.

घरी शिवणे वाईट, असे आमचे म्हणणे नाही. तान्हे मूल असलेली किंवा सासू अंथरुणाला खिळलेली बाई युनिटवर येऊ शकत नाही. तिला काम द्यायचे असेल तर दर वेळ मोजून ठरवावा, गठ्ठ्यासोबत दर लिहिलेली चिठ्ठी जावी, दोरा आणि सुया मालकाने द्याव्यात, विजेचे वेगळे पैसे द्यावेत आणि पैसे थेट तिच्या खात्यावर जावेत. दोऱ्याचे रीळ तिच्याच पैशांतून आणायला लावायचे ही या धंद्यातली जुनी खोड आहे.

दुसरी तक्रार वेळेची. तुमची ऑर्डर निकाल लागल्यावर येते, एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात. शाळा उघडते जूनच्या मध्यावर आणि माल हवा असतो ५ जूनला. हाती चाळीस कामाचे दिवस. ५०० मनुष्यदिवस चाळीसात बसवायला बारा-तेरा जणी लागतात आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांतल्या आठ-नऊ जणींना घरी पाठवावे लागते. तीच ऑर्डर डिसेंबरमध्ये दिलीत तर १२० दिवसांत चार-पाच जणी ती आरामात पुरी करतात आणि त्यांना वर्षभर काम राहते. डिसेंबरमध्ये मुलांची मापे कशी घेणार, असे तुम्ही विचारता. मापे घ्यायचीच नाहीत. गेल्या तीन वर्षांत कुठल्या साइजचे किती नग गेले याचा तक्ता तुमच्या कार्यालयात आहे. त्यावरून ८५ टक्के माल आधी शिवता येतो. उरलेले १५ टक्के मे महिन्यात, प्रवेश आटोपल्यावर. गणवेशाचा रंग ऐन मार्चमध्ये बदलायचा मोह मात्र आवरावा लागेल. नवा मुख्याध्यापक, नवी चौकड, आणि आधीचे तागे आमच्या फडताळात.

तिसरी, बिलाची. २,४०० जोडांचे ५०० रुपयांप्रमाणे बिल १२ लाखांचे. ते तीन महिने रखडले तर १८ टक्के व्याजाने आमच्या डोक्यावर ५४ हजार रुपये बसतात. ही ९० मनुष्यदिवसांची मजुरी झाली. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ४५ दिवसांत पैसे देण्याचे बंधन २००६च्या कायद्यात आहे. लेखी करार नसेल तर मुदत १५ दिवसांचीच. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. हे तुम्हालाही ठाऊक आहे, आम्हालाही. पण दाद मागणाऱ्याचे नाव पुढच्या वर्षी दरपत्रकाच्या यादीत राहत नाही, म्हणून कोणी मागत नाही. सूर्य मावळण्याआधी मजुराची मजुरी द्यावी, असे बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात मोशे सांगतो. आमच्या ओळखीतल्या एका हिशेबनिसाने यावर विचारले होते, कुठल्या वर्षीचा सूर्य?

स्वस्त माल टिकतही नाही. चांगल्या शर्टाला इंचात दहा-बारा टाके असतात, स्वस्ताला सात-आठ. शिलाईच्या आत एक सेंटिमीटर कापड सोडावे लागते, तिथे अर्धाच सोडलेला असतो. मूल घसरगुंडीवर बसले की काखेत उसवते. पँटच्या तळाशी दोन इंच दुमड ठेवली तर ती पुढच्या वर्षी सोडता येते. स्वस्तात अर्धा इंच असते. कॉलरच्या आतले बकरम (कडक अस्तर) हलक्या चिकटीचे असेल तर चार धुण्यांत फोड येतात. बटण मशीनच्या साखळी टाक्याने लावून गाठ न मारता सोडले तर एक टोक ओढल्यावर अख्खे निघून हातात येते. दिवाळीनंतर पालक तिसरा जोड घेतात, तेव्हा वाचलेले २१६ रुपये कुठे गेले हे कोणी विचारत नाही.

कापडाबद्दल थोडे. आम्हीही इथे पूर्ण स्वच्छ नाही, म्हणून जपून लिहितो. शर्टाचे पॉलिएस्टर-कॉटन कापड बरेचसे भिवंडी, इचलकरंजीच्या मागांवरून येते, पँटचे भीलवाड्याहून. यंत्रमागावर बारा तासांच्या दोन पाळ्या आणि मीटरवर मजुरी ही जुनी रीत आहे. सुताच्या पातळीवर तमिळनाडूतल्या गिरण्यांमध्ये वसतिगृहात ठेवलेल्या मुलींची पद्धत वर्षानुवर्षे गाजली: तीन वर्षे काम, मोठी रक्कम शेवटी, मधेच सोडले तर ती बुडाली. शेतापर्यंत माग काढणे आमच्या आकाराच्या धंद्याला झेपत नाही, आणि झेपते म्हणणाऱ्यावर आमचा फारसा विश्वास नाही. गिरणीपर्यंत मात्र जाता येते. त्याला तीन कागद पुरतात: व्यापाऱ्याचे बिल, प्रोसेस हाउसचे (कापड रंगवणाऱ्या कारखान्याचे) चलन आणि ताग्यावरची चिठ्ठी, जिच्यावर गिरणीचे नाव, लॉट नंबर आणि पन्ना म्हणजे कापडाची रुंदी असते. हा लॉट नंबर आम्ही तसाही जपतो, कारण दोन लॉटचे कापड मिसळले की शर्टाची पाठ एका छटेची आणि छाती दुसऱ्या छटेची होते. जो नंबर रंगासाठी लिहिला जातो, त्याच नंबरावरून गिरणीला फोन करून विचारता येते: वसतिगृहातल्या मुलींना पगार दर महिन्याला मिळतो की शेवटी? रविवारी त्या बाहेर जाऊ शकतात का? फोनवर पहिल्यांदा खरे उत्तर मिळेलच असे नाही. पण गिऱ्हाईक विचारते आहे हे गिरणीला कळते, आणि चार गिऱ्हाइकांनी विचारले की व्यापारी दुसऱ्या गिरणीचा तागा दाखवू लागतो.

दुबळ्या माणसाला कामावर ठेवायला काय लागते, हे तुमच्या दरपत्रकात कुठेच धरलेले नसते. निवारागृहातून आलेली मुलगी पहिल्या आठवड्यात कागदावर सरळ रेघ शिवते, दोरा न घालता. मग उशांचे अभ्रे, मग बाजूच्या सरळ शिलाया, मग खिसा. कॉलर सगळ्यांत शेवटी. यात चार ते सहा महिने जातात आणि तेवढ्या काळात तिचे काम अनुभवी कारागिराच्या तिसऱ्या हिश्शाएवढेच होते. नगावर पैसे दिले तर ती उपाशी राहील, म्हणून शिकतानाही पूर्ण रोज द्यावा लागतो. आधार कार्डावर सासरचे आडनाव, बँकेत माहेरचे, अशी गाठ असली की भविष्य निर्वाह निधीच्या खात्याला बँक जोडणे अडून राहते. ती सोडवायला आठवडे लागतात आणि त्यासाठी रजा द्यावी लागते. कोर्टाच्या तारखेची रजा वेगळी. पगार तिच्या एकटीच्या खात्यावर जातो, तरी एटीएम कार्ड कोणाकडे असते हे विचारावे लागतेच. कर्णबधिर कारागिरासाठी मशीनसमोर दिवा लावावा लागतो, कारण मागून हाक मारून उपयोग नाही आणि खांद्याला हात लावला तर दचकून सुई बोटात जाते. उचल एका पगारापेक्षा जास्त द्यायची नाही, ती लिहून ठेवायची, आणि फिटली नाही म्हणून कोणाला नोकरी सोडण्यापासून अडवायचे नाही. उचल वाढत गेली की माणूस बांधला जातो; १९७६चा वेठबिगारीविरोधी कायदा वीटभट्टीपुरताच आहे, असा आपल्याकडे गैरसमज आहे.

आणखी एक. तुमच्या स्मरणिकांसाठी या मुलींचे फोटो मागू नका. त्या शिलाई करतात, तेवढी ओळख पुरे.

आता आमच्याच लोकांविषयी. गल्ल्यामागे क्रूस, दाराशी वचनाची पाटी आणि मागच्या दाराने गठ्ठे ठेकेदाराकडे, असे ख्रिस्ती दुकानदार आमच्यात आहेत. नाताळाला केक आणि साडी वाटून बोनस चुकवणारे आहेत. सकाळच्या प्रार्थनेला जी येत नाही तिच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघणारेही आहेत. जिला जायला दुसरी जागा नाही, तिला 'नको' म्हणता येत नसते. म्हणून प्रार्थना पाळीच्या आधी, ज्याला यायचे त्याने यावे, आणि हजेरी कोणी घेऊ नये. आमचा माल घेताना आमच्या भक्तीवर जाऊ नका, चलने बघा.

तुमच्यातले काही म्हणतात, ती बाई स्वतः राजी आहे, मग आपण कोण बोलणारे? १८९१मध्ये पोप तेरावे लिओ यांनी कामगारांविषयी जे परिपत्रक काढले, त्यात याचे उत्तर आहे: गरजेपोटी किंवा आणखी वाईट होईल या भीतीने मजुराने कमी मजुरी मान्य केली, तर तो करार नव्हे, तो अन्याय आहे. पोपचे परिपत्रक न मानणाऱ्या मंडळ्यांना बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा, अडवलेल्या मजुरीविषयीचा पाचवा अध्याय आहेच. ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. १८९६-९७च्या दुष्काळातून आणलेल्या मुली आणि विधवा पंडिता रमाबाईंनी केडगावला विणकाम, शिवण आणि छापखान्याच्या कामाला लावल्या. नुसते पोसत न बसता त्यांच्या हाताला कसब दिले.

आणि 'बघू पुढच्या वर्षी' म्हणणाऱ्यांसाठी इंग्लंडमधल्या चॉकलेटवाल्या कॅडबरींचे उदाहरण. ते क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे होते, कामगारांना घरे बांधून देणारे. गोव्याप्रमाणेच तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात असलेल्या, आफ्रिकेजवळच्या साओ टोमे बेटावर कोको पिकवणारे मजूर गुलामासारखे राबवले जातात, हे १९०१मध्ये त्यांच्या कानी आले. १९०५मध्ये चौकशीला माणूस पाठवला. खरेदी थांबली मार्च १९०९मध्ये. त्यांच्यावर टीका करणाऱ्या वर्तमानपत्राविरुद्धचा बदनामीचा खटला ते त्याच वर्षी जिंकले, पण ज्यूरीने भरपाई दिली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. माणसे वाईट नव्हती, चौकशीही खरी होती. पण आठ वर्षे कोको येत राहिला.

आमच्या मागण्या अशा. गाळलेल्या दोन्ही अटी परत घाला आणि इतर संस्थांनीही घ्या: मागच्या सहा महिन्यांची भविष्य निर्वाह निधी आणि राज्य विम्याची चलने, आणि कटिंगपासून इस्त्रीपर्यंत प्रत्येक कामाचा पत्ता. ज्या युनिटला हे कायदे लागू नाहीत, त्याने बँकेतून पगार दिल्याचे उतारे द्यावेत. दरपत्रकात शिलाईची मजुरी वेगळ्या रकान्यात मागा. तो आकडा नग आणि मिनिटांच्या हिशेबात किमान वेतनाखाली जात असेल तर लिफाफा बाद करा, मग तो आमचा असला तरी. ८५ टक्के ऑर्डर १५ डिसेंबरपर्यंत द्या आणि सोबत ४० टक्के आगाऊ रक्कम, नाही तर एवढे कापड घेऊन ठेवायला लहान युनिटकडे पैसा नसतो. बिल ४५ दिवसांत. वर्षातून दोनदा, त्यातली एक फेरी मे महिन्यात, न कळवता युनिट बघायला या. येताना सिस्टरांना बरोबर आणा, कारण बाया त्यांच्याशी बोलतात, आणि मालकाला बाहेर उभे करा.

शाळेने पालकांवर एका दुकानाची सक्ती करू नये, हे आम्हाला मान्य आहे. सक्ती नको. मान्य पुरवठादारांची यादी लावा, तिच्यात तीन-चार नावे असू द्या आणि प्रत्येक नावापुढे शिलाईचा पत्ता छापा. २१६ रुपयांचा भार ज्या घरांना जड आहे, त्यांच्यासाठी जुना पण धड गणवेश परत घेऊन दुरुस्त करून देण्याचे काम आम्ही मे महिन्यात विनामोबदला करू. काज, बटण, तळाची दुमड आणि काखेची शिलाई इतकेच त्यात असते, नगाला दहा-बारा मिनिटे लागतात.

विश्वस्त मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय पत्रिकेवर घ्यावा आणि निर्णय, होकार असो वा नकार, शाळेच्या सूचनाफलकावर लावावा. मिनिटांच्या मोजणीचा तक्ता आणि साइजवार अंदाजाचा कोरा नमुना ज्या संस्थेला हवा असेल तिला आम्ही आणून देऊ. तो भरायला तुमच्या लिपिकाला एक दुपार लागेल.

आपले,
गणवेश शिवणारे काही ख्रिस्ती व्यावसायिक